मागचा बाक

शरीर ज्याचे त्याचे असते आणि त्याचे आजारपणही ज्याचे त्याचे. श्वास मात्र ओठांबाहेर पडला की सर्वांचा होतो. ज्यांना रोज एकाच नावेत बसून एकच पाणी ओलांडायचे असते, त्यांच्यापुढे म्हणून एक जुना प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो : आजाऱ्याने निरोग्यांना काय द्यावे, आणि निरोग्यांनी आजाऱ्याला काय द्यावे? घरी राहणे हे उत्तर सोपे आहे. पण ज्याला ते परवडते त्यालाच सोपे आहे. बाकीच्यांना आपापल्या विवेकाने काही रीत बसवून घ्यावी लागते. अशी एक रीत एका लाँचवर बसली होती. ती चांगल्या मनाने घातलेली होती, चांगल्या मनाने पाळली जात होती, आणि तिच्यामुळेच एकदा एका बहिणीचे आयुष्य एका खोकल्याच्या अंतरावर येऊन थांबले. त्याची ही हकीकत.

नदी रुंद होती. अलीकडच्या काठावर घरे आणि पलीकडच्या काठावर कामाची ठिकाणे, अशी त्या गावाची विभागणी होती. त्यामुळे सकाळच्या लाँचला रोज तीच माणसे असत. लाँचच्या मध्यावर लांबट खोली होती, तिच्यात लाकडी बाकांच्या दोन रांगा होत्या, आणि वारा सुटला की खिडक्यांवरून कापडी पडदे खाली सोडले जात. पुढच्या टोकाला चालकाची काचेची कोठडी होती. चालकाला सारे 'कप्तान' म्हणत, आणि तोही त्या नावाला जागून कोणाशी फारसे बोलत नसे. मागच्या टोकाला, उघड्यावर, एक आडवा बाक होता. त्याच्या खालीच इंजिन असल्यामुळे त्याची ऊब लाकडातून वर येई, आणि लाँच पुढे जात असल्यामुळे तिथे बसलेल्याचा श्वास मागच्या मागे पाण्यावर विरून जाई.

हा बाक आजाऱ्याचा. ती रीत घातली कवळीताईंनी.

कवळीताई पलीकडच्या काठावरच्या एका छोट्या कारखान्यात लोकांच्या कवळ्या बनवीत. मेणाच्या हिरडीवर एकेक दात लावायचा, तो शेजारच्या दाताशी भांडत नाही ना हे पाहायचे, आणि रंग असा साधायचा की खुद्द नातवंडांनाही संशय येऊ नये, हे त्यांचे कसब. माणूस भेटला की त्यांची दृष्टी आधी त्याच्या तोंडाकडे जाई. "दात दाखवल्याशिवाय माणूस मला कळतच नाही," असे त्या हसून म्हणत. आणि त्यात थट्टा थोडी व सत्य अधिक असे.

एका हिवाळ्यात कोणा एकाच्या पडशाने सगळी लाँच आडवी केली होती. पाठोपाठ सगळे शिंकत होते आणि एकमेकांकडे चोरासारखे पाहत होते. तेव्हा कवळीताईंनी शिट्टीकाकांच्या कानावर ही कल्पना घातली. शिट्टीकाका म्हणजे लाँचवर तिकिटे देणारे गृहस्थ. सुटताना आणि लागताना ते अशी काही शिट्टी फुंकीत की काठावरचे बगळे उडत. त्यांना कल्पना एकदम पटली. ठरले ते असे : बरे नसेल तर घरी राहावे, हे उत्तम. ते शक्य नसेल तर मागच्या बाकावर बसावे. त्याच्याजवळ कोणी जाऊ नये, त्याच्याकडे कोणी वळून वळून पाहू नये. आणि काय झाले आहे, असे तर मुळीच विचारू नये. आजाऱ्याला आजाराची लाज वाटता कामा नये, यावर कवळीताईंचा फार भर होता. त्यांनी लोकरीच्या तुकड्यांचे एक जाड पांघरूण शिवून त्या बाकावर ठेवले होते, आणि ते त्या स्वतः घरी नेऊन धुऊन आणीत. शिट्टीकाका गरम पाण्याचा थर्मास ठेवीत. रीत इतकी अंगवळणी पडली की नवखा माणूस शिंकला तरी दहा हात अदबीने मागे बोट दाखवीत.

थंडी सरत आली होती. एका सकाळी मुखपट्टी लावलेला एक उंच, सडपातळ पुरुष फळीवरून लाँचवर आला. पलीकडच्या काठावर मोठे रुग्णालय होते. तिकडे जाणारी माणसे अधूनमधून येत. शिट्टीकाकांनी मुखपट्टी पाहिली आणि आवाज मऊ केला.

"या, या. मागं जागा आहे तुमच्यासाठी."

"नाही, म्हणजे मी—"

"अहो, आम्ही इथं कुणाला काही विचारत नाही. संकोच अजिबात करायचा नाही. निवांत बसा."

तो माणूस क्षणभर घुटमळला. त्याने गर्दीने भरलेल्या खोलीकडे पाहिले, मग मागच्या रिकाम्या बाकाकडे पाहिले; आणि मागे जाऊन बसला. खोलीतून हे पाहणाऱ्या कवळीताईंना समाधान वाटले. आपण लावलेल्या झाडाच्या सावलीत परका वाटसरू बसावा, तसे ते समाधान होते.

मात्र पुढच्याच क्षणी त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या माणसाने पांघरूण दोन बोटांत धरून उचलले आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले. शिट्टीकाकांनी दुरून थर्मास दाखवला, तर त्याने नुसतेच हात जोडले.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. रोज मुखपट्टी, रोज तोच बाक, रोज पांघरूण दूर.

"खोकत तर नाही कधी," घड्याळवाले आजोबा म्हणाले. पलीकडे त्यांचे घड्याळ-दुरुस्तीचे दुकान होते, आणि कशाचा आवाज येत नसला की त्यांना चैन पडत नसे. "शिंकतही नाही. आजारी आहे म्हणावं, तर चालतो तरण्याताठ्यासारखा."

"आतल्या आत खोकत असेल," शिट्टीकाका म्हणाले. "सभ्य दिसतोय माणूस."

"आतल्या आत खोकता येत असतं, तर आमच्या हिनं मला चाळीस वर्षं शेजारच्या खोलीत झोपवलं नसतं."

"आजोबा, आपण विचारायचं नाही असं ठरलंय ना?" कवळीताई म्हणाल्या.

"मी कुठं विचारतोय? मी आपला तर्क करतोय."

"तर्कही करायचा नाही."

असे त्या म्हणाल्या खऱ्या. पण तर्क त्याही करीत होत्या. त्या माणसाचे तोंडच झाकलेले असल्यामुळे त्यांना वाचायला काही नव्हते, आणि जे दिसत होते ते, म्हणजे नाकारलेले पांघरूण, मनाला टोचत होते. कोणाची तरी दुलई आहे, कोणी तरी धुऊन ठेवली आहे, निदान गुडघ्यावर तरी घ्यावी माणसाने!

वसंताच्या तोंडाशी वारा बदलला, तशी कवळीताईंचा घसा धरला. सकाळी उठल्या तेव्हा डोळ्यांपुढे भिंत किंचित हलत होती. घरात त्या आणि त्यांची नणंद अशा दोघीच. यजमान गेल्यापासून दोघींनी एकमेकींना धरून आणि एकमेकींना बोलून संसार चालवला होता.

"वहिनी, कपाळ तापलंय तुमचं," वन्सं दारातूनच म्हणाल्या.

"गरम पाण्यानं तोंड धुतलंय म्हणून."

"आणि घसाही गरम पाण्यानंच बसलाय वाटतं?"

"वन्सं, आज मास्तरांची कवळी पुरी करायची आहे. संध्याकाळी त्यांचा सत्कार आहे. बिनदातांचे उभे राहतील का ते भाषणाला?"

"मग तुमचे भागीदार काय नुसते दात कोरत बसलेत?"

कवळीताईंना हसू आले आणि हसण्याचा खोकला झाला. तो ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांना रंग कळत नाही हो. मागच्या खेपेला एका बाईंना त्यांनी चुन्यासारखे पांढरेशुभ्र दात दिले. त्या अंधारातसुद्धा दिसायच्या."

"जा मग. पण अख्ख्या लाँचला घरी बसायला सांगता तुम्ही. तुम्हाला ते कुणी सांगायचं?"

उत्तर कवळीताईंच्या मनात तयार होते. मागचा बाक आहे ना! तो त्याच्यासाठीच तर ठेवला आहे. रीत माणसाला आधार देते, तशी वेळप्रसंगी सबबही देते. आणि ज्याने ती घातलेली असते त्याला ती सबब सर्वांत आधी सापडते.

लाँचवर चढताना त्यांनी नाकातोंडावर रुमाल धरला होता. शिट्टीकाकांनी एका दृष्टिक्षेपात ओळखले आणि नियमाप्रमाणे काहीही न विचारता वाट दिली. आज वारा आडवा होता, म्हणून खोलीचे सगळे पडदे खाली सोडलेले होते. मागच्या बाकाच्या डाव्या टोकाला तो मुखपट्टीवाला बसला होता. दोन आजारी एका बाकावर बसायला कोणाची हरकत नव्हती. असे पूर्वीही घडले होते. कवळीताई उजव्या टोकाला बसल्या. पांघरूण त्यांच्याच बाजूला होते. त्यांनी ते मुद्दाम जरा दिसेल असे अंगाभोवती लपेटून घेतले.

तो माणूस काठीसारखा ताठ झाला.

लाँच निघाली. अर्धे पाणी कापले नाही तोच कवळीताईंना खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडावर होता. पण उबळ मोठी होती, वारा उजवीकडून डावीकडे वाहत होता, आणि रुमाल तो किती अडवणार! डोळे पुसून त्या पाहतात तो शेजारचा माणूस उठून उभा राहिलेला. तो कठड्यापाशी गेला. तिथेही वारा तोच. दुसऱ्या उबळीला तो वळला आणि झपाझप चालत थेट खोलीत शिरला.

कवळीताईंचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. इतक्या दिवसांत हे कोणी केले नव्हते. एक आजारी माणूस, पडदे सोडलेल्या बंद खोलीत, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मध्ये! त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि बसलेल्या आवाजात जमेल तेवढ्या जोराने म्हणाल्या :

"अहो, थांबा! आत नका जाऊ. तुम्हाला आपल्या बाकाचं पांघरूण चालत नाही, पाणी चालत नाही, ते राहू दे. पण आत माणसं आहेत. त्यांचा तरी विचार करा!"

खोलीतली माणसे दोन्ही बाजूंना सरकली आणि तो मधल्या वाटेत एकटा उभा राहिला.

"बाहेरच बसा की हो," घड्याळवाले आजोबा हळूच म्हणाले. "तिथं चांगली ऊब असते."

त्या माणसाने दोन्ही हात पुढे केले, जणू कोणी जवळ येऊ नये असे त्यालाच सांगायचे होते.

"मी आजारी नाही," तो म्हणाला.

"मग मास्क कशाला?" कवळीताईंनी विचारले.

त्याचा आवाज शांत होता, पण ती शांतता त्याला मोठ्या कष्टाने धरावी लागत होती.

"माझ्या बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्यात. माझी एक तिला द्यायची आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की, तोवर तुम्हाला साधी सर्दीसुद्धा होता कामा नये. मला ताप आला तर ऑपरेशन पुढं जाईल, आणि तिच्याकडं तेवढा वेळ आहे की नाही, हे कुणी सांगत नाही. रोज तिच्यापाशी जावं लागतं. दुसरी वाट नाही. म्हणून मास्क."

कवळीताई दारातून दोन पावले मागे सरल्या. रुमाल त्यांनी दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला. मेल्याहून मेल्यासारखे होणे म्हणजे काय, हे त्यांना त्या दोन पावलांत कळले. ते पांघरूण! ज्यात आजवर लाँचवरचा प्रत्येक आजारी गुरफटून बसला होता, ते त्या या माणसाला रोज मनातल्या मनात पांघरायला लावीत होत्या.

"अहो, पण पहिल्याच दिवशी सांगायचं ना!" शिट्टीकाका कळवळून म्हणाले.

"सांगणार होतो. तुम्हीच म्हणालात, इथं कुणी काही विचारत नाही." त्याच्या डोळ्यांच्या कडांना क्षणभर हसण्याच्या रेषा उमटल्या आणि विझल्या. "खरं सांगू? मला ते सोयीचं वाटलं. मोकळी हवा, शेजारी कुणी नाही. म्हटलं, गैरसमज आहे तर असू दे. आजाऱ्याची जागा मी धडधाकट असताना बळकावली. आज तिचा खरा धनी आला, तर तक्रार कुठल्या तोंडानं करू?"

त्याला आता उभे तरी कुठे करायचे? आत बंद हवा आणि इतकी माणसे, मागे ताप आणि खोकला. शिट्टीकाका शिट्टी हातात धरून इकडेतिकडे पाहत राहिले. तेवढ्यात पुढच्या कोठडीचे काचेचे दार सरकले. त्या दाराच्या आत प्रवाशाने पाऊल टाकायचे नाही, हा लाँचवरचा सर्वांत कडक नियम होता. तो कप्तानाने स्वतः रंगाने लिहून ठेवला होता.

"इकडं या," कप्तान पाण्यावरची नजर न काढता म्हणाला. "दोन्ही बाजूंच्या काचा उघडल्यात. उभे राहा माझ्यापाशी. चाकाला तेवढा हात लावू नका."

तो माणूस पुढे गेला. कवळीताई मागे गेल्या, आणि पाण्याकडे तोंड करून बसल्या. मग त्यांनी मोबाइल काढून भागीदाराला फोन लावला.

"मी येत नाही आज. याच लाँचनं परत जातेय."

"अहो बाई, आणि मास्तर? त्यांचा सत्कार?"

"तुम्ही करा. मेणावर सगळे दात लावून ठेवलेत मी. पुढचे दोन तेवढे राहिलेत. रंग पांढरा घेऊ नका. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा घ्या, आणि हिरडीकडं थोडासा पिवळट."

"आणि चुकला तर?"

"चुकला तर मास्तर तोंड मिटून हसतील. माणसं तोंड मिटूनही जगतात."

"बाई, तुमचा आवाज का असा येतोय?"

"घसा बसलाय," त्या म्हणाल्या. हे सरळ वाक्य त्यांनी सकाळपासून पहिल्यांदाच उच्चारले होते.

लाँच काठाला लागली. सगळे उतरले. तो माणूस सर्वांत शेवटी फळीवर आला, आणि थांबून त्याने मागे पाहिले. कवळीताई उभ्या राहिल्या, पण पुढे आल्या नाहीत.

"भाऊ," त्या दुरूनच म्हणाल्या, "मला क्षमा मागायची आहे, पण आत्ता जवळ येऊन नाही मागता येत."

"तिथूनच पोचली, ताई," तो म्हणाला. "लवकर बऱ्या व्हा."

परत जाताना लाँच रिकामी होती. शिट्टीकाका खोलीच्या दारापाशी बसून होते. बराच वेळ त्यांनी शिट्टी नुसती बोटांत फिरवली. अखेर म्हणाले, "ताई, दोष माझाय. मी विचारायला हवं होतं."

"विचारू नका, हे मीच शिकवलं तुम्हाला."

"चांगलंच शिकवलं होतं हो."

"चांगलं होतं," कवळीताई म्हणाल्या. "पुरं नव्हतं."

घरी येऊन त्या बाहेरच्या खोलीत निजल्या, आणि वन्संना त्यांनी उंबरठ्याच्या आत येऊ दिले नाही. वन्सं दारात ताट ठेवीत, दोन पावले मागे जाऊन स्टुलावर बसत आणि तिथून रागावत. कवळीताईंनी त्यांना सगळे सांगितले.

"त्याला झालं नसेल काही," वन्सं म्हणाल्या. "उघड्यावर होतात तुम्ही. मास्क होता त्याला."

"वारा त्याच्याकडंच होता, वन्सं."

"वारा काय तुम्ही सोडला होता?"

"खोकला मी सोडला होता. आणि खोकायला मी घरात राहू शकत होते. मास्तरांना काय, उद्यासुद्धा दात मिळाले असते. माझ्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे मला हवं होतं, म्हणून गेले."

वन्संनी एरवी या वाक्याचा चांगला समाचार घेतला असता. त्या दिवशी त्या उठल्या आणि पाणी गरम करून घेऊन आल्या.

कवळीताईंनी जन्मभर देवाकडे मोजकेच मागितले होते. आता मात्र त्या एका अनोळखी माणसाच्या नाकासाठी आणि घशासाठी डोळे मिटून विनवीत होत्या. स्वतःला शिंक आली की विनवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. भागीदाराचा फोन आला : मास्तरांचा सत्कार झाला, दात छान बसले, रंगही जमला. आणि मास्तर इतके हसले की भाषण राहूनच गेले. कवळीताईंना बरे वाटले. आपल्यावाचून कारखान्यात काही अडले नाही, ही गोष्ट इतकी हलकी वाटेल, असे त्यांना कधी वाटले नव्हते.

पूर्ण बरे वाटल्यावरच त्या पुन्हा लाँचवर गेल्या. तो माणूस नव्हता. ऑपरेशन ठरलेल्या दिवशी झाले असेल तर तो आता रुग्णालयात असणार. झाले नसेल तर मग कुठे असणार? शिट्टीकाकांनाही माहीत नव्हते. जायच्या वाटेत कोणी त्याचा विषय काढीत नसे, आणि रुग्णालयाची इमारत काठावर दिसू लागली की सगळ्यांच्या नजरा तिच्या खिडक्यांवर जात. कवळीताईंना एकदा वाटले, जाऊन चौकशी करावी. पण त्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. विचारायचे नाही, या रीतीचा तोही एक लाभ त्यांच्या पदरी पडला होता.

दरम्यान लाँचवर एक बदल झाला. तो कोणी जाहीर केला नाही. मुखपट्टी लावलेले कोणी चढले की शिट्टीकाका दोन हात दूर थांबून हळू आवाजात विचारू लागले, "बरं नाहीये, की जपायचं आहे?" बरे नसलेल्याला मागे पाठवीत. जपायचे असलेल्यासाठी कप्तानाच्या कोठडीला लागून, पुढच्या उघड्या जागेत, एक अरुंद बाक ठोकून घेतला होता. तो कप्तानाने सुटीच्या दिवशी स्वतः ठोकला, आणि त्याबद्दल कोणाशी एक शब्दही बोलला नाही.

उन्हाळा चढला तेव्हा एका सकाळी अलीकडच्या काठावर दोन मुखपट्ट्या दिसल्या. उंच माणूस एका हाताने कूस धरून सावकाश चालत होता. त्याच्या शेजारी त्याच्याच नाकाडोळ्यांची, पण बुटकी आणि तरतरीत, अशी एक बाई होती. शिट्टीकाकांनी नेहमीचा प्रश्न विचारताच ती म्हणाली, "जपायचंय. आता जन्मभर जपायचंय." आणि त्यांनी दाखवलेल्या पुढच्या बाकावर जाऊन बसली.

कवळीताई खोलीतून बाहेर आल्या आणि बऱ्याच अंतरावर थांबल्या. बहिणीने त्यांना आपादमस्तक न्याहाळले.

"तुम्हीच का त्या खोकणाऱ्या बाई?"

"हो," कवळीताई म्हणाल्या. "मीच." मग भावाकडे पाहून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो उशाशी घेऊन त्या इतके दिवस झोपत आल्या होत्या. "भाऊ, तुम्हाला त्रास झाला होता का? त्या दिवसानंतर?"

त्याने खोटे बोलायचा विचार केला असावा. पण बहीण शेजारी होती.

"झाला होता," तो म्हणाला. "घसा धरला, ताप आला. ऑपरेशन पुढं गेलं. मधले दिवस हिला जड गेले."

"जड?" बहीण म्हणाली. "यमाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते मी."

कवळीताई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळेच."

"ते कसं सांगणार, ताई? त्याच आठवड्यात आमच्या शेजारची मुलंही खोकत होती, दवाखान्यातही लोक खोकत होते. श्वासावर काही कुणाचं नाव लिहिलेलं नसतं."

"तुम्ही मला सोडवण्यासाठी म्हणताय."

"तो तसाच आहे," बहीण म्हणाली. "सगळ्यांना सोडवत फिरतो. मी नाही तशी. मी त्या दिवसांत पडल्या पडल्या तुम्हाला चिक्कार शिव्या दिल्या. नाव माहीत नव्हतं, म्हणून 'ती खोकरी, ती खोकरी' म्हणून दिल्या. याला विचारा. मग याच्याकडून कळलं, की तुम्ही त्याच लाँचनं माघारी गेलात. तेव्हा शिव्या जरा कमी केल्या."

"थांबवल्या नाहीत?"

"आत्ता थांबवतेय," बहीण म्हणाली. आणि तिच्या मुखपट्टीवरच्या डोळ्यांत हसू आले.

कवळीताईंच्याही डोळ्यांत काही आले. पण ते हसू नव्हते. "मी तुमच्यासाठी काय करू?" त्यांनी विचारले.

"काही नका करू. तिकडं लांब बसा, आणि मागचं ते पांघरूण आहे ना, ते धूत राहा. हा सांगत होता, फार सुंदर शिवलंय. घ्यावंसं वाटायचं म्हणे त्याला रोज. थंडीनं कुडकुडायचा, पण हात लावायची भीती."

कवळीताईंनी त्याच्याकडे पाहिले. वारा पुढून मोकळा वाहत होता आणि त्या पुरेशा दूर होत्या. त्याने एका बोटाने मुखपट्टी क्षणभर खाली ओढली आणि तो हसला. त्याचा वरचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता. कवळीताईंनी आयुष्यात असे अनेक दात सरळ केले होते. हा मात्र आहे तसाच राहावा, असे त्यांना मनापासून वाटले.

शिट्टीकाकांनी शिट्टी ओठांशी नेली, पुढच्या बाकाकडे पाहिले, आणि त्या दिवशी ती इतकी हलकी फुंकली की काठावरचे बगळे जागचे हललेही नाहीत. लाँच पाण्यात शिरली.

मागच्या बाकावर जो बसला असेल त्याची ऊब टिको. पुढच्या बाकावर जी बसली आहे तिचा श्वास निर्मळ राहो. मध्ये जे दाटीवाटीने बसले आहेत, त्यांना एकमेकांना विचारण्याचे धैर्य लाभो. आणि या पाण्यावर जे जे कोणी येतील, ते सारे सुखरूप पलीकडे उतरोत.